मी मळ नव्हतो

मी रंग बोलतोय. काळा रंग. बावड्याच्या आप्पांच्या मोटारीवर होतो, तो. होतो अशासाठी म्हणतो, की आता मी तिच्यावर नाही. आप्पांच्या खांद्यावर घोंगडीचा एक तुकडा असायचा, त्यात मी आहे. थोडा थोडा करून सगळा तिथं उतरलो. मोटारीवर आता दुसरा रंग बसलाय, कोरा करकरीत, आणि त्याच्यासाठीच मला हे सांगावंसं वाटतं. त्याला अजून कशाचीच कल्पना नाही.

तसा मी घमेंडखोर. पत्र्यावर आधी तपकिरी अस्तर मारलं, त्यावर मला फवारलं, भट्टीत भाजलं, आणि बाहेर काढलं तेव्हा माझ्यात ढग दिसत होते. मला वाटायचं, मोटार म्हणजे मीच. इंजिन, चाकं, गाद्या ही सगळी माझ्यामागून आलेली मंडळी.

खरं सांगायचं तर मी अगदी पातळ होतो. कागद असतो तेवढा. लोकांना वाटतं रंग आतपर्यंत मुरलेला असतो, कितीही घासला तरी खाली रंगच लागेल. माझ्याखाली अस्तर होतं आणि अस्तराखाली लोखंड. लोखंडाला पाण्याची फार ओढ असते. त्या दोघांची गाठ पडू नये म्हणून मी मध्ये उभा होतो. शोभा ही माझी वरकड कमाई.

माझे पहिले मालक बापूसाहेब. बारामतीत राहायचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि कमालीचे आळशी. लांबून चार बादल्या पाणी फेकलं की त्यांच्या लेखी गाडी धुऊन झाली. बाकी सारा वेळ मी लिंबाच्या झाडाखाली उभा. वरून पाखरं आपलं काम करायची, बाजूनं ऊन भाजायचं. हळूहळू माझी चमक गेली, अंगावर पांढुरकी पिठी आली. मला तेव्हा फार अपमान वाटायचा. आज वाटतं, तेवढ्या आळसानंच मला तारलं होतं.

नव्वद सालानंतर बापूसाहेबांनी गाडी विकायला काढली आणि आप्पा आले.

आप्पा धनगराघरचे. उमेदीची वर्षं मेंढरांमागं पायी हिंडण्यात गेलेली. पुढं बावड्याच्या चहूबाजूंनी ऊस उभा राहिला, चरायला रान उरलं नाही, तेव्हा त्यांनी मेंढरं विकली आणि तेही उसात पडले. मुलगा दादासो बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागला. घरात मोटार आली ती दादासोच्या हौसेनं. चालवायचा तोच, पंक्चर काढायचा तोच, गाडीखाली शिरायचा तोच. आप्पांना चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. त्यांना सकाळी उठून कुणाच्या तरी अंगावरून हात फिरवायचा होता. मेंढरं गेल्यापासून त्यांचे हात मोकळे पडले होते.

गाडी घरी न्यायच्या आधी दोघांनी ती मोहनरावांच्या दुकानासमोर उभी केली. मोहनरावांचं बारामतीत गाड्यांच्या सामानाचं दुकान. स्वभावानं लाघवी, आणि बोलणं असं, की समोरच्याला शंका घ्यायला लाज वाटावी. त्यांनी एका डबीतून तांबडी चिकट पेस्ट काढली, पांढऱ्या मलमलीवर घेतली आणि माझ्या बॉनेटवर गरगर घासली. मलमल काळी झाली. त्यांनी ती आप्पांपुढं धरली आणि म्हणाले, "बघा आप्पा, किती वर्षांचा मळ बसलाय. असाच रोज काढत राहायचा. जेवढं घासाल तेवढं तेज वर येईल."

जिथं घासलं होतं तिथं मी खरंच आरशासारखा झालो होतो. आप्पांना त्यात स्वतःचा फेटा दिसला. ते हसले. मीही हुरळलो. मलमलीवर जे काळं आलं होतं तो मी होतो, हे मला कळायलाही दोन-तीन दिवस लागले. मोहनरावांना तर ते कधीच कळलं नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनाही कुणीतरी असंच फडकं दाखवलं असणार.

त्या दिवसापासून माझी रोजची घासणी सुरू झाली.

फडकं म्हणून आप्पांनी जुन्या घोंगडीचा तुकडा घेतला. घोंगडी म्हणजे त्यांच्या घरी अंथरायला, पांघरायला, देवाच्या कामाला. तिच्याइतकं पवित्र आणि मऊ दुसरं काही असतं हे त्यांना पटलंच नसतं. त्यांच्या पाठीला ती मऊ होतीही. मला मात्र तिचा एकेक केस काट्यासारखा लागायचा. त्यात आमचा भाग साखर कारखान्याचा. हंगाम चालू असला की धुराड्यातून चिपाडाची काळी राख उडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर, आणि अर्थात माझ्यावर. आप्पा ती राख झटकायचे नाहीत, पाणी ओतून वाहू द्यायचे नाहीत. कोरडीच घोंगडीखाली धरून रगडायचे, मग पेस्ट लावून पुन्हा रगडायचे. नंतर घोंगडी बादलीत पिळायचे. पाणी काळं निघालं की त्यांना समाधान वाटायचं.

दाराखालची जी लांब पट्टी असते तिच्यावर त्यांचा विशेष जीव. चाकांचा चिखल तिथंच उडतो. ओसरीवर बसल्या बसल्या नेमकी तीच नजरेसमोर यायची. आप्पा मांडी घालून तिच्यापुढं बसायचे आणि चिखल वाळलेला असतानाच घासायला लागायचे. ती पट्टी सगळ्या गाडीत जास्त लखलखायची. तिथंच मी सगळ्यात आधी संपू लागलो.

एकदा दादासोनं भीत भीत विचारलं होतं, की आप्पा, रोज कशाला, आठवड्यातून एकदा पुरे की. आप्पांनी त्याला मेंढरांचा दाखला दिला. म्हणाले, "कातरलं तरच लोकर दाट येती. न्हाय कातरलं तर जटा हुत्यात अन् मेंढरू खंगतं. ह्येचं बी तसंच हाय."

मेंढराचं अंग आप्पांइतकं गावात कुणाला कळत नव्हतं. पण मेंढराला आतून नवी लोकर फुटते. माझ्या आत काही फुटणार नव्हतं. आप्पा मला दर सकाळी कातरत होते आणि मी पुन्हा येईन म्हणून वाट बघत होते.

भामाबाईंना मात्र एकदा शंका आली. भामाबाई म्हणजे आप्पांची बायको. कमी बोलणारी, पण नजर पक्की. उन्हाळा होता. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, बरेच दिवस झाले होते, धुराडं थंड होतं, अंगणातले कपडे पांढरेच्या पांढरे वाळत होते. आप्पांनी घोंगडी पिळली आणि नेहमीसारखं काळं पाणी निघालं. भामाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अवो, कारखाना तर बंद हाय. मग पानी काळं कशानं?"

एवढाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी थांबलो होतो. आप्पांनी बादली अंगणात ओतून दिली. मग म्हणाले, "जुना मळ हाय. मुरल्याला."

भामाबाईंनी पुन्हा काही विचारलं नाही. नवऱ्यानं ठामपणानं सांगितलं की प्रश्न मिटायचा, अशी त्यांची सवय. मला त्यांचा राग येतो आणि येतही नाही.

त्या पावसाळ्यात दाराखालच्या पट्टीवर अस्तर उघडं पडलं. मग तेही घासलं गेलं. एका सकाळी माझ्या खालून मला ओल जाणवली आणि कुणीतरी हलकेच कुरतडत असल्यासारखं वाटलं. गंज आला होता. तो कधी घाई करत नाही. वरून दिसतो टिकलीएवढा आणि आतून हातभर पसरलेला असतो. मी कडेला अजून तग धरून होतो, म्हणून मला त्याचा रोजचा मुक्काम कळायचा. आज इथवर आला, आता पुढच्या दाराच्या खाली गेला. तेव्हापासून मला धडकी भरायची ती एकाच गोष्टीची. ही पट्टी आता नुसती कवची उरली होती. कधीतरी कुणी तिच्यावर गाडीचा भार देणार होतं, आणि तेव्हा खाली दादासो असणार होता. गाडीखाली शिरणारा घरात दुसरा कोण होता?

वरून तपकिरी ठिपके दिसू लागले तेव्हा सल्ले द्यायला गाव गोळा झालं. कुणी म्हणे रॉकेलनं पुसा, कुणी म्हणे दात घासायची पेस्ट लावा. ऊसवाले सर्जेराव, ज्यांच्या घरी दोन ट्रॅक्टर आणि एक जीप, त्यांनी सांगितलं की ठिपक्यांवर बुटाचं काळं पॉलिश भरायचं आणि वरून तेलाचा हात द्यायचा, सहा महिने बघायला नको. सर्जेरावांच्या घरी वाहनं जास्त, म्हणून त्यांचं ज्ञानही जास्त, असा हिशेब. आप्पांनी तसंच केलं. पट्टी पुन्हा झगझगू लागली. आत गंजाला झाकण मिळालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाकी गाडी जुनी झाली असेल, पण ही पट्टी मात्र कालची आहे.

खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाली तेव्हा आळीतली माणसं मुद्दाम बघायला आली. झेंडूची माळ, हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. कुणीतरी आप्पांना म्हणालं की तुमची गाडी बघितली की नवी घ्यावीशी वाटत नाही. आप्पांचा चेहरा फुलला. त्या वर्षांत मी त्यांना इतकं सुखी दुसऱ्या कशानं झालेलं पाहिलं नाही. माझा जीव घेणारा माणूस माझ्यावर जीव टाकत होता, त्यामुळं मला धड रडताही येत नव्हतं.

आणि मग दिवाळी झाल्यावर ते तिघं कळंबला गेले. भामाबाईंच्या भावाचं दुखणं होतं, त्याला बघून दुपारी परत निघाले. रस्त्यात मागचं चाक बसलं. दादासोनं गाडी कडेला घेतली. भामाबाई उतरून बाभळीच्या सावलीला उभ्या राहिल्या. आप्पा घोंगडी खांद्यावर टाकून जवळ आले. मी तेव्हा दोन्हीकडं होतो, थोडा पत्र्यावर, जास्त घोंगडीत.

कडेची काळी माती पाटाच्या पाण्यानं भिजलेली होती. दादासो नेहमी जिथं जॅक लावायचा तिथं त्यानं तो लावला, तर जॅकच मातीत रुतायला लागला. त्यानं एक चपटा दगड शोधला. पण दगड बसेल अशी जागा जरा पुढं होती, दाराखाली. तो वाकून बघू लागला, की इथं लावला तर चालेल का. आप्पांनी पट्टीवरून हात फिरवला. मायेनं, मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"हितं लाव," ते म्हणाले. "हितला पत्रा लई चांगला हाय. कसा चमकतोय बघ."

मी ओरडलो असतो, तर कुणाला ऐकू गेलं असतं? दादासोनं जॅक लावला. गाडी हळूहळू वर आली. पट्टी आतल्या आत करकरली, पण उसाची ट्रॉली जवळून चालली होती, त्या आवाजात ते कुणाच्या कानावर पडलं नाही. दादासोनं चाक काढलं. दगड जरा तिरका दिसला म्हणून तो सरळ करायला त्यानं उजवा हात खाली घातला. आणि जॅक पट्टीतून आरपार वर गेला, पुठ्ठ्यातून काठी जावी तसा. गाडी खाली बसली.

ट्रॉलीवरची माणसं धावत आली, त्यांनी गाडी उचलून धरली. आप्पांनी पोराच्या हाताला घोंगडी गुंडाळली आणि त्याच ट्रॅक्टरवरून त्याला घेऊन गेले. त्याचं रक्त माझ्यात मुरलं, ते अजून आहे. डॉक्टरांनी हात वाचवला, पण दोन बोटं काढावी लागली आणि उरलेली वाकत नाहीत.

त्यानंतर जे झालं त्याची मला जास्त भीती वाटली. कुणीच पट्टीकडं बघितलं नाही. मोहनराव भेटायला आले, हळहळले आणि म्हणाले की हल्लीचे जॅक टिकाऊ नाहीत. सर्जेरावांनी मातीला दोष दिला. आळीतल्या बायकांचं मत पडलं की गाडी फार चमकत होती, दृष्ट लागली. भामाबाईंनी बंपरला काळी बाहुली बांधली. आप्पा दुसऱ्या दिवसापासून पूर्वीपेक्षा जोरात घासू लागले.

शेवटी फाटलेला पत्रा जोडायला गाडी बिरदेवकडं न्यावी लागली. बिरदेव त्यांच्याच भावकीतला, बारामतीजवळ पत्राकाम आणि रंगकाम करायचा. दादासो घरी पडून होता, गाडी त्याचा मित्र चालवत घेऊन आला आणि निघून गेला. आप्पा एकटेच तिथं थांबले.

बिरदेवनं पट्टीवर हातोडीनं जरासं ठोकलं. तुकडे गळून पडले. दार, टप, बॉनेटची कड, जिथं जिथं ठोकलं तिथं तसंच. त्यानं विचारलं की रंग कधी कुणी खरवडून काढला होता का. आप्पा म्हणाले, छे, उलट रोज पुसतो. आणि त्यांनी अभिमानानं खांद्यावरची घोंगडी दाखवली. बिरदेवनं ती भिजवून भिंतीच्या चुन्यावर दाबली. भिंतीवर काळा पट्टा उमटला.

"आप्पा, ही राख न्हाय," तो म्हणाला. "ह्यो गाडीचा रंग हाय. सगळा हितं आलाय. रंग गेला म्हणून पत्रा कुजला."

त्याला घाई होती, दुसरी गाडी उभी होती. तो कामाला लागला. आप्पा त्या भिंतीच्या जवळ गेले. मी भिंतीवर होतो, घोंगडीत होतो आणि मोजक्या जागी गाडीवरही होतो, तिन्हीकडून त्यांना बघत होतो. त्यांनी आपले दोन्ही तळवे पुढं धरले आणि उलटसुलट करून पाहिले. मला वाटलं, आता सगळं संपलं आणि सगळं बरं झालं. घरी जाऊन सांगतील. आळीला सांगतील. मोहनरावांच्या दुकानात जाऊन सांगतील.

ते बिरदेवजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दादाला ह्यातलं काय बोलू नगंस."

बिरदेवनं मान हलवली.

पॉलिश पेपर लावून गाडीवरचा उरलासुरला मी काढला गेलो. नवा पत्रा बसला, अस्तर आलं, नवा काळा रंग आला. सुंदर आहे. माझ्या ऐन भरातला मी आठवतो मला त्याला बघून. घोंगडी टाकून द्यावी असं आप्पांच्या मनात बरेचदा आलं असावं, कारण ते मला उकिरड्यापर्यंत घेऊन जायचे आणि परत आणायचे. घोंगडी उकिरड्यावर टाकणं त्यांच्या हातून होत नाही. मग ओसरीच्या खुंटीवर मी लटकत राहिलो.

एक गोष्ट मात्र खरी. इतक्या दिवसांत आप्पांनी नव्या रंगाला हात लावलेला नाही. आळीतली माणसं विचारतात, आप्पा, कंटाळा आला का? सर्जेराव येऊन सांगून गेले, की नवा रंग तर जास्त रगडावा लागतो, नाहीतर तो बसत नाही. आप्पा हूं म्हणतात आणि ओसरीवर बसून राहतात.

तुमच्या दारात गाडी असेल आणि पुसताना फडकं गाडीच्याच रंगाचं होत असेल, तर कृपा करून थांबा. माझं एवढंच मागणं आहे. काय निघतंय ते बघा. आधी भरपूर पाणी ओता, मग मऊ सुती कापड हलक्या हातानं फिरवा, आणि चमक कमी झाली तर होऊ द्या. चमकणारी वस्तू धडधाकटच असते, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

हे सगळं आज सकाळी मनात आलं, कारण आज दादासोनं मला खुंटीवरून काढलं. त्याचं कामावर जाणं अजून सुरू झालेलं नाही. दुधाच्या कारखान्यात त्याची जागा ठेवतील की नाही तेही ठाऊक नाही. घरात बसून बसून त्याचे दिवस जात नाहीत. बापानं इतकी वर्षं जपलेली गाडी आपल्या दुखण्यापायी धूळ खात पडली, असं त्याला वाटतं. त्यानं मोहनरावांची डबी शोधून काढली, दाराखालच्या नव्या पट्टीपुढं बसला आणि डाव्या हातात मला धरलं. चिखल वाळलेला होता. त्यानं तसाच घासायला सुरुवात केली. माझ्याच अंगाखाली नव्या रंगावर पहिले चरे उठले, मला ते कळले.

आप्पा ओसरीवरून उठून त्याच्यामागं येऊन उभे राहिले. भामाबाई दारात थबकल्या.

"आप्पा, डाव्या हाताला जोर येत न्हाय," दादासो म्हणाला. "तुमच्यावानी तेज येईल का?"

आप्पांचे ओठ हलले. मला वाटलं, आता. बोला आप्पा. त्याची बोटं गेली ती जॅकमुळं गेली नाहीत, हे त्याला कळू द्या. तो तुमच्यावर रागावेल, कदाचित बोलायचा थांबेल, पण उद्या तो पुन्हा ज्या पट्टीखाली हात घालेल, तिचा पत्रा तरी शाबूत असेल.

आप्पांनी त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं. मग नजर वळवली.

"जोर नगं लावू," ते म्हणाले. "हळू घास."

आणि वाकून त्यांनी पाण्याची बादली त्याच्याजवळ सरकवली.